झीज

मराठी भाषेत ‘झिजणे’ ह्या क्रियापदाचे भाग्य मोठे विलक्षण आहे. नाणे झिजले की त्याची किंमत जाते. जोडा झिजला की तो टाकून देतात. जात्याच्या तळ्या झिजून गुळगुळीत झाल्या की पाथरवटाकडून त्यांस टाकी लावून घेतात. वस्तूची झीज ही हानी आहे, ह्याविषयी कोणाचे दुमत नाही. परंतु माणूस झिजला की आपण हात जोडतो. ‘त्या माउलीने मुलांसाठी हाडे झिजवली’, ‘त्यांनी संस्थेसाठी चंदनासारखा देह झिजवला’, ही वाक्ये जीत उच्चारली गेली नाहीत अशी शोकसभा महाराष्ट्रात विरळाच. चंदन सहाणेवर झिजते आणि त्याचा गंध देवाच्या व भक्ताच्या कपाळी लागतो, हा दृष्टांत आपल्या नीतिकल्पनेत इतका खोल रुजला आहे की, झिजणे हाच एक सद्गुण आहे असे आपण जवळजवळ गृहीत धरून चाललो आहो.

आता हाच शब्द दुसऱ्या एका ठिकाणी ऐकावा. अस्थिरोगतज्ज्ञाच्या खोलीत क्ष-किरणांचे चित्र उजेडासमोर धरलेले असते आणि डॉक्टर सांगत असतात, ‘गुडघ्याची झीज झाली आहे’, किंवा ‘कमरेच्या मणक्यांत झीज दिसते.’ तेथे ह्या शब्दाला गंध नसतो. ऐकणारीच्या डोळ्यांसमोर घराचा जिना उभा राहतो, पहाटे शौचास बसण्याची पंचाईत उभी राहते, आणि उद्याच्या कामाचे काय हा प्रश्न उभा राहतो. शोकसभेत जिचा गौरव व्हावयाचा तीच ही झीज. पण ती अजून जिवंत आहे, दुखते आहे आणि उपचार मागते आहे.

ह्या दोन झिजांमधील नाते काय, हा मला नीतिशास्त्रातील एक खरा प्रश्न वाटतो. तो असा मांडता येईल: एकाच्या देहाची झीज होऊन तिचे फळ दुसऱ्यास मिळत असेल, तर त्या झिजेचे ऋण फळ घेणाऱ्यावर असते की नाही, आणि असल्यास ते कशाने फिटते? गौरवाने फिटते काय?

प्रश्न हवेत राहू नये म्हणून एक गाव डोळ्यांसमोर धरू. बाभुळगाव हे यवतमाळ जिल्ह्यातील तालुक्याचे गाव, यवतमाळहून धामणगावकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे. भोवती काळी, कापसाची जमीन. शेतीत यंत्रे शिरली नाहीत असे नाही. नांगरटीस ट्रॅक्टर आला, फवारणीस पंप आला. पण बोंडातून कापूस काढण्याचे काम अद्यापि मुख्यतः बोटांनीच होते, आणि ती बोटे बहुतांशी स्त्रियांची असतात. निंदण करताना उकिडवे बसून, हाती विळा घेऊन, ओळीने पुढे सरकत जावे लागते. वेचणीस उभे राहता येते, पण ताठ उभे राहता येत नाही. कमरेला बांधलेली ओटी जसजशी भरत जाते तसतसा कणा पुढे ओढला जातो. वेचणीची मजुरी वजनावर मिळते. म्हणून पाठ सरळ करण्यात गेलेला प्रत्येक क्षण स्वतःच्या पदरचा असतो. दिवस मावळला की गाठोडे डोक्यावर घेऊन बांधापर्यंत जावयाचे, आणि घरी गेल्यावर पाणी, चूल, झाडलोट ही दुसरी पाळी सुरू करावयाची.

ह्या प्रदेशातील कृषिजीवनास कृतज्ञता ठाऊक नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे शेकतात, हळद व तूप लावून ते चोळतात. वर्षभर जू वाहिलेल्या सांध्याला आपण काही देणे लागतो, ही जाणीव त्यात आहे. कापसाच्या पहिल्या वेचणीपूर्वी शेतात सीतादहीची पूजा होते. दसऱ्यास अवजारांना गंधफूल मिळते. बाभळीच्या चिवट लाकडाची चाके असलेल्या गाडीचा जमाना होता, तेव्हा आसाला वंगण घातल्यावाचून गाडीवान गाडी रस्त्यावर काढीत नसे; जो घालीत नसे त्यास लोक निष्काळजी म्हणत, आणि जो घाली त्यास कोणी दाता म्हटले नाही. खांदा, शेत, अवजार, आस ह्या सर्वांचा हिशेब आपल्या पंचांगात व व्यवहारात आहे. निंदणारीच्या गुडघ्यांचा तेवढा कोठेच नाही.

पुढे जाण्यापूर्वी शरीरशास्त्र काय सांगते ते पाहिले पाहिजे. वस्तुस्थितीच्या अज्ञानावर उभारलेला नीतिविचार फार काळ टिकत नाही. गुडघ्यात मांडीचे हाड व नडगीचे हाड जेथे भेटतात, तेथे दोहोंच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. ह्या कूर्चेत रक्तवाहिन्या नाहीत. तिचे पोषण सांध्यातील द्रवातून होते; सांध्यावर भार पडून तो उठला की, ओला स्पंज दाबून सोडावा त्याप्रमाणे, द्रवाची आतबाहेर ये-जा होते. म्हणजे हालचाल हीच कूर्चेची अन्नवाट होय. कण्याचेही तसेच आहे. त्यात चोवीस सुटे मणके असून बहुतेकांच्या मध्ये एकेक लवचीक गादी असते. वयपरत्वे गादीतील पाण्याचा अंश घटतो व ती चपटी होते. स्वीडनमधील आल्फ नाकेमसन ह्या शल्यवैद्याने १९६० च्या दशकात जिवंत माणसांच्या ह्या गाद्यांत सुई घालून दाब मोजला. मनुष्य आडवा असताना दाब सर्वांत कमी, उभा असताना त्याहून अधिक, आणि पुढे वाकून ओझे उचलताना कितीतरी अधिक, असे त्यास आढळले.

‘गुडघ्यातले वंगण संपले’ हे जे लोक म्हणतात ते शब्दशः खरे नाही. एके काळी वैद्यकही सांध्याकडे यंत्राचा भाग म्हणूनच पाहत असे: वापरला, झिजला, संपला. आजचे मत निराळे आहे. संधिवाताचा हा जो सर्वांत नेहमीचा प्रकार, त्यात कूर्चेबरोबर तिच्याखालचे हाड, सांध्याचे अस्तर व भोवतालचे स्नायू हे सर्वच बिघडतात. आनुवंशिकता, शरीराचे वजन, जुनी दुखापत ह्यांचा त्यात वाटा असतो. आणि वर्षानुवर्षे उकिडवे बसून वा ओझी उचलून करावयाच्या कामाने गुडघ्याचा हा विकार होण्याचा संभव वाढतो, हेही प्रस्थापित आहे. त्यावरील पहिला उपाय विश्रांती नसून योग्य व्यायाम हा आहे. मांडीचे स्नायू बळकट करणे व वजन आटोक्यात ठेवणे ह्यांनी पुष्कळांची वेदना कमी होते. कमरेच्या गादीचा भाग सरकून पायात कळ उतरते, जिला आयुर्वेदात गृध्रसी म्हटले आहे, तीही बहुतेकांच्या बाबतीत काही आठवड्यांत वा महिन्यांत शस्त्रक्रियेवाचून शमते. पूर्वी त्यासाठी दीर्घकाळ अंथरुणावर पडून राहण्यास सांगत. आता सांगत नाहीत. पायांतील शक्ती उत्तरोत्तर घटत असेल, किंवा मलमूत्रावरील ताबा गेला असेल, तर मात्र विलंब घातक ठरतो आणि शस्त्रक्रिया तातडीने करावी लागते.

आणखी एक गोष्ट. सांध्याचे वा कण्याचे प्रत्येक दुखणे म्हणजे झीज नव्हे. आमवातात शरीराची संरक्षणशक्ती आपल्याच सांध्यांवर उलटते, व तो तरुणपणीही होतो. औषधे लवकर सुरू झाली तर सांधे वाचवता येतात. पर्सिव्हल पॉट ह्या इंग्रज शल्यवैद्याने १७७९ मध्ये ज्या कण्याच्या विकाराचे वर्णन केले तो क्षयाचा असतो. आपल्या देशात तो आजही आढळतो आणि बहुधा औषधांनी बरा होतो. घरातील स्त्री महिनोन्‌महिने पाठ दुखते म्हणते, रात्री ताप येतो म्हणते, आणि घरचे म्हणतात, ‘वय झाले, झीज व्हायचीच.’ अशा वेळी तो एक शब्द सगळी चौकशी बंद करून टाकतो. ज्या शब्दात गौरव आहे त्यात निष्काळजीपणालाही बसायला जागा आहे, हे येथे दिसते.

ह्या सर्व ज्ञानातून नीतीच्या दृष्टीने एक गोष्ट निष्पन्न होते. सांधा वापराने जगतो. अतिवापराने बिघडतो आणि अवापरानेही बिघडतो. म्हणून श्रम हा देहाचा शत्रू नाही. शेतात राबणे वाईट व खुर्चीत बसणे चांगले, असा निष्कर्ष काढणारास शरीरशास्त्राचा आधार मिळत नाही. महाविद्यालयात खुर्चीवर बसून पाठी आखडलेले आम्ही अध्यापक त्याची साक्ष देऊ. दोष आहे तो प्रमाणात, आणि प्रमाण ठरविण्याचा अधिकार कोणाच्या हाती आहे त्यात. वेदना ही शरीराने दिलेली सूचना असते. ज्यास ती ऐकून थांबता येते त्याचा सांधा सावरण्यास अवसर मिळतो. ज्यास किलोमागे मजुरी मिळते त्यास ती ऐकू आली तरी मानता येत नाही.

येथे डॉक्टरांच्या उपदेशाचा विचार करावा. ‘उकिडवे बसू नका, मांडी घालू नका, ओझे उचलू नका, वाकून काम करू नका.’ शास्त्रदृष्ट्या हा उपदेश निर्दोष आहे. पेन्शन घेणाऱ्या गृहस्थास तो सल्ला वाटतो. बाभुळगावच्या शिवारातील मजूर स्त्रीस तोच उपदेश नोकरीवरून काढून टाकल्याच्या हुकमासारखा ऐकू येतो. तिची चूल जमिनीवर, पुष्कळदा शौचकूपही उकिडवे बसण्याचे, आणि तिचे काम तर जमिनीशीच. पुढे दुखणे वाढले की म्हणावयाचे, ‘सांगितले होते, ऐकले नाही.’ ज्यास आज्ञा पाळणे शक्य नाही त्यास आज्ञा करणे, व ती मोडल्याचा दोष त्याच्या माथी मारणे, ह्यास न्याय म्हणता येत नाही. कर्तव्य तेथेच सांगावे जेथे ते करण्याचे सामर्थ्य आहे, हे नीतिशास्त्रातील जुने सूत्र होय.

अस्थिवैद्यकाच्या इतिहासातही हा प्रश्न निराळ्या रूपाने उभा राहिला आहे. निकोला आंद्री ह्या फ्रेंच वैद्याने १७४१ मध्ये ‘ऑर्थोपेडी’ हा शब्द प्रथम योजला. ‘सरळ’ व ‘मूल’ ह्या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून. त्याच्या ग्रंथातील एका चित्रात एक वाकडे रोपटे खांबाला दोरीने बांधलेले आहे, आणि तेच चित्र पुढे ह्या शास्त्राचे चिन्ह बनले. वाकडे ते सरळ करावे, ही ह्या शास्त्राची आरंभीची प्रतिज्ञा. परंतु बाभळीच्या देशातील सुतारास विचारले तर तो सांगेल की, सरळपणा हे लाकडाच्या उपयोगाचे एकच माप नव्हे. जुन्या नांगरासाठी नैसर्गिक बाक असलेला बुंधाच शोधावा लागे. माणसाच्या सांध्याचे माप तरी क्ष-किरणाच्या चित्रातील रेषेवरून घ्यावे, की त्याला ज्या जीवनात परत जावयाचे आहे त्या जीवनावरून घ्यावे?

इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी १९६२ च्या सुमारास धातूचा गोळा व प्लास्टिकची वाटी वापरून खुब्याचा कृत्रिम सांधा यशस्वी केला, आणि अंथरुणाला खिळलेली माणसे चालू लागली. गुडघ्याचे कृत्रिम सांधेही पुढे आले. ही विज्ञानाची मानवजातीवरील मोठी कृपा आहे, ह्यात संशय नाही. परंतु ते सांधे मूळ घडले ते खुर्चीवर बसणाऱ्या समाजासाठी. गुडघा बदलल्यावर चालता येते, वेदना जाते. उकिडवे बसणे मात्र सामान्यतः वर्ज्य सांगतात. म्हणजे शस्त्रक्रिया पूर्ण यशस्वी होऊनही निंदणारी निंदणावर परत जात नाही. ही उणीव ओळखून पुण्याचे डॉ. कांतिलाल संचेती यांनी भारतीयांच्या गरजा लक्षात घेऊन ‘इंडस’ हा गुडघा सिद्ध केला. त्यापूर्वी, १९६८ मध्ये, जयपूरचे शल्यवैद्य डॉ. प्रमोद करण सेठी व कारागीर रामचंद्र शर्मा यांनी जो पाय घडविला तो तर ह्या विचाराचा आदर्शच म्हणावा. विलायती पायास बूट लागे आणि त्यावर उकिडवे बसता येत नसे. जयपूरचा पाय घालून अनवाणी चालता येते, चिखलात उतरता येते, मांडी घालता येते. शल्यवैद्याने व कारागिराने रोग्याच्या पायाबरोबर त्याच्या अंगणाचेही माप घेतले, एवढाच त्या यशाचा अर्थ.

किमतीचा प्रश्नही नीतीचाच आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. कोबाल्ट-क्रोमियमचा जो सांधा सर्वाधिक वापरात होता, त्याची छापील किंमत तोवर सरासरी दीड लाखाच्या वर होती. ती करांखेरीज ५४,७२० रुपयांवर आणली गेली. एका आदेशाने किंमत सुमारे एक-तृतीयांश होऊ शकते, ह्यावरून आधीच्या किमतीत झीज झालेल्या माणसाच्या असहायतेचे मोल किती धरलेले होते, ह्याचा वाचकांनीच अंदाज करावा.

आता मूळ ऋणाच्या प्रश्नाकडे येऊ. कापूस ज्या जिनात जातो तेथील यंत्रे दरवर्षी झिजतात. मालक आपल्या हिशेबात त्या झिजेची रक्कम घसारा म्हणून लिहितो, आणि प्राप्तिकराचा कायदा ती वजा धरू देतो. कायद्याने हे मान्य केले आहे की, यंत्राची झीज हा उत्पादनाचा खर्च असून तो बाजूस काढल्यावाचून नफा मोजणे खोटे होय. त्याच कापसाच्या उत्पादनात एक गुडघा व एक कणा झिजला, त्याचा घसारा कोणत्याही वहीत नाही. १९२३ साली आपल्याकडे कामगारांच्या नुकसानभरपाईचा कायदा झाला. त्याने कामावरील अपघात ओळखला, काही धंदेवाईक रोगही ओळखले. परंतु वीस वर्षे वाकून वाकलेला कणा हा अपघात ठरत नाही. त्याला तारीख नसते, साक्षीदार नसतो. जी हानी हळूहळू होते ती कोणीच केलेली नसते, असे मानण्याची आपल्याला सवय आहे. अॅरिस्टॉटलने गुलामास सजीव अवजार म्हटले. आजच्या हिशेबवहीत सजीव अवजाराची स्थिती निर्जीव अवजाराहूनही कनिष्ठ आहे, असे म्हणण्याची वेळ येते.

येथे कोणी आक्षेप घेईल की, झीज हा निसर्गनियम आहे. देह धारण केला म्हणजे तो जीर्ण व्हावयाचाच. त्याबद्दल कोणाकडे ऋण मागावे? आक्षेप अर्धा खरा आहे. जरा कोणास चुकली नाही. पण निसर्ग सर्वांस झिजवितो हे जितके खरे, तितकेच तो सर्वांस एका दराने झिजवीत नाही हेही खरे. पाऊस सर्वांवर पडतो. परंतु गळके छप्पर ज्याचे त्याचे निराळे असते, आणि छप्पर कोणाचे गळावे हे पावसाने ठरविलेले नसते. वयाची झीज निसर्गाकडे सोपवावी. वयाच्या वर जी झीज कामाने केली, तिच्यापुरता प्रश्न माणसांमाणसांतला आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. कोणी म्हणेल, झिजेचा असा वाणीहिशेब मांडला तर त्याग नावाची वस्तूच उरणार नाही. ह्याचे उत्तर देण्यासाठी विदर्भातीलच एका पाठीचा विचार करू. बाबा आमटे यांचा जन्म १९१४ मध्ये हिंगणघाटला झाला. वकिली व संपन्न घर सोडून त्यांनी वरोऱ्याजवळ, यवतमाळच्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, कुष्ठरोग्यांसाठी आनंदवन उभे केले. पुढे मानेच्या व कमरेच्या मणक्यांच्या विकाराने त्यांस बसणेच अशक्य झाले. उभे राहावे किंवा आडवे व्हावे, एवढेच दोन मार्ग उरले. अशा स्थितीत, सत्तरी उलटल्यावर, डिसेंबर १९८५ मध्ये ते कन्याकुमारीहून काश्मीरकडे ‘भारत जोडो’ अभियान घेऊन निघाले; तरुण सायकलींवर आणि ते स्वतः वाहनात आडवे पडून. १९९० मध्ये ते नर्मदेच्या काठी राहावयास गेले. २००८ मध्ये आनंदवनात त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या कण्याविषयी आदर वाटू नये असा मनुष्य दुर्मीळ. आणि तो आदर कोणत्याही हिशेबाने कमी होत नाही.

परंतु तो आदर कशाबद्दल आहे? मणके बिघडल्याबद्दल नाही. मणके अनेकांचे बिघडतात. ‘मी थांबतो’ असे म्हणण्याची पूर्ण मोकळीक असताना ते थांबले नाहीत, त्याबद्दल तो आहे. त्यांस कोणी दोष दिला नसता, त्यांचे अन्न बंद झाले नसते. त्यागाचे सर्व तेज ह्या एका मोकळिकीतून येते.

उलट टोकाचे उदाहरण यवतमाळ जिल्ह्यातच आहे. पांढरकवड्याच्या परिसरात भूगर्भातील पाण्यात अनेक ठिकाणी फ्लोराइडचे प्रमाण अधिक आढळले आहे. वर्षानुवर्षे असे पाणी पोटात गेले की ते क्षार हाडांत व सांध्यांच्या बंधांत साचतात; सांधे आखडतात, कणा काठीसारखा ताठ होतो. १९३७ मध्ये मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्यात हा विकार आपल्या देशात प्रथम नोंदला गेला. एकदा ताठ झालेला कणा पूर्ववत करणारे औषध नाही. उपाय पाण्यात आहे: निराळी विहीर, निराळी नळयोजना, वेळेवर झालेली पाण्याची तपासणी. हा अस्थिविकार अस्थिवैद्याच्या हातचा नव्हे, ग्रामव्यवस्थेच्या हातचा आहे. तहान लागली म्हणून पाणी प्यालेल्या माणसाच्या कण्यास त्यागाची उपमा कोणी देईल काय?

ह्या दोन टोकांच्या मध्ये निंदणारी स्त्री येते. ती कामावर आपल्या पायांनी जाते, म्हणून तिची झीज स्वखुशीची, असे म्हणणे सोपे आहे. परंतु कसोटी पायांनी जाण्याची नसून ‘नाही’ म्हणता येण्याची आहे. जिला नाही म्हटल्यास रात्रीची भाकर बुडते, तिची संमती ही संमतीच्या वेषातील गरज होय. मनुष्यास केवळ साधन म्हणून वापरू नये, हा कांट ह्या जर्मन तत्त्वज्ञाचा आदेश प्रसिद्ध आहे. मला त्याचा व्यवहारातील अर्थ असा वाटतो की, ज्याच्या श्रमाचे फळ मी घेतो त्याच्या देहाचे पुढे काय झाले, हा प्रश्न विचारणे माझ्याकडे लागते.

हा प्रश्न शेतमालकापुरता आहे असे समजून शहरातील सुशिक्षित वाचकाने सुटकेचा श्वास टाकू नये. आपल्या घरी फरशी पुसावयास येणारी बाई दिवसाला चार-पाच घरांच्या फरश्या उकिडवी बसून, मागे मागे सरकत पुसते. लांब दांड्याचे पुसणे बाजारात अल्प किमतीस मिळते. पण ‘हाताने पुसल्याशिवाय स्वच्छ होत नाही’ असा आपला सिद्धांत असतो. आपल्या फरशीच्या त्या थोड्याशा अधिक चकाकीची किंमत कोणत्या सांध्यातून वसूल होते, हे एकदा पाहावे. आणि त्याहून जवळचे, म्हणून त्याहून कठीण उदाहरण घरातील आईचे. ती दुखऱ्या गुडघ्यांनी ओट्याशी उभी असते. विचारले तर ‘काही नाही’ म्हणते. तिचे ‘काही नाही’ हे बाबा आमट्यांच्या स्वातंत्र्यातून येते की वेचणारीच्या नाइलाजातून, हे घरातील कोणी तपासून पाहत नाही. कारण उत्तर काहीही आले तरी स्वयंपाक कोण करील हा प्रश्न उरतोच. बहुधा त्यात दोन्ही मिसळलेली असतात. प्रेमाने केलेल्या कामातही नकाराची जागा ठेवावी लागते. ती जागा नसेल तर प्रेम किती व नाइलाज किती हे खुद्द तिलाही सांगता येत नाही.

मग ऋण फिटते कशाने? तीन पायऱ्या मला दिसतात, आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. पहिली, झीज मुळात कमी करणे: कामाची अवजारे, ओट्याची उंची, ओझ्याचे वजन, मजुरीची अशी पद्धत की पाठ सरळ करणे परवडावे. दुसरी, झीज झाली असता ती वेळेवर ओळखणे, तपासणे, व्यायाम व औषध ह्यांस सवड व पैसा देणे. आणि ज्यास शस्त्रक्रिया खरोखर हवी त्यास, तो ज्या जमिनीवर जगतो तिचा विचार करून, ती मिळवून देणे. तिसरी, ज्याचा देह कामातून गेला त्याच्या अन्नाची व मानाची सोय लावणे. ह्या तिन्ही झाल्यावर चौथी गोष्ट म्हणून गौरव करावा. त्यास माझी हरकत नाही. आपण मात्र बहुधा चौथ्या पायरीवरून आरंभ करतो आणि तेथेच थांबतो, कारण ती बिनखर्चाची आहे. स्तुती ही कृतज्ञतेची भाषा आहे. परतफेडीचे चलन म्हणून ती कोणत्याही दुकानात चालत नाही, औषधाच्या दुकानात तर नाहीच.

चंदनाचा दृष्टांत टाकून द्यावा असे मी म्हणत नाही. तो सुंदर आहे आणि ज्यांनी तो स्वतःस लावून घेतला त्यांच्यामुळे महाराष्ट्राचे जीवन समृद्ध झाले. परंतु त्याचा एक नियम पाळला पाहिजे: तो प्रत्येकाने फक्त स्वतःला लावावा. ‘मी चंदनासारखा झिजेन’ हा संकल्प होय. ‘तू चंदनासारखी झीज’ ही मागणी होय, आणि मागणी करणाऱ्याच्या हातात त्या वेळी सहाण असते. पुढल्या पोळ्यास बाभुळगावच्या गोठ्यांतून बैलांचे खांदे शेकले जातील, व ते शेकले जावेतच. त्या संध्याकाळी शेकण्याचे पाणी जिने तापविले तिला उठताना भिंतीचा आधार घ्यावा लागतो की काय, एवढे घरातील कोणी पाहिले, आणि पाहून दुसऱ्या दिवशी तिला डॉक्टरांकडे नेले, तरी कृतज्ञतेच्या त्या जुन्या सणाचा अर्थ आपल्याला पुरता कळला, असे म्हणता येईल.